मुंबईच्या पायाभूत सुविधा आणि सल्लागार तज्ज्ञांची व्यावसायिक पार्श्वभूमी : एक विवेचन

प्रस्तावना

शहराच्या पायाभूत सुविधांविषयीचे निर्णय वरकरणी केवळ तांत्रिक भासतात. जलवाहिनीचा व्यास किती असावा, पूल कोठे बांधावा, नाला किती रुंद करावा, हे प्रश्न तज्ज्ञांनी सोडवावेत आणि शासनाने त्यांचा सल्ला अमलात आणावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु तज्ज्ञ हा एखाद्या विशिष्ट विद्याशाखेत आणि सेवेत घडलेला असतो. उत्तर शोधण्यापूर्वी तो प्रश्नाचे स्वरूपच आपल्या शाखेच्या परिभाषेत निश्चित करीत असतो. त्यामुळे सल्ला कोणता दिला गेला याबरोबरच तो देणारा कोणत्या व्यवसायातून आला होता, याचाही विचार करणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात मुंबई शहराच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

अभियंत्यांचे शहर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईला सल्ला देणारी व्यक्ती ही प्रामुख्याने अभियंता होती. हेन्री कॉनिबेअर यांनी विहार तलावाची योजना मांडली आणि १८६० पासून शहराला या तलावाचे पाणी मिळू लागले. कुलाब्याच्या अफगाण चर्चचे वास्तुरचनाकारही तेच होते. स्थापत्य अभियंता, वास्तुविशारद आणि आरोग्यविषयक सल्लागार या भूमिका त्या काळी आजच्याइतक्या विभक्त झालेल्या नव्हत्या, हे यावरून लक्षात येते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये शहर सुधारणा न्यास स्थापन झाला. दाट वस्ती व कोंदट हवा हेच रोगाचे मूळ होय, या तत्कालीन समजुतीनुसार जुन्या वस्त्या तोडून त्यांतून रुंद रस्ते काढण्यात आले. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो ही गोष्ट वैद्यकशास्त्रात सर्वमान्य होईपर्यंत अनेक कुटुंबे विस्थापित झाली होती. त्यांतील पुष्कळांनी शेजारच्या वस्त्यांचा आश्रय घेतल्यामुळे तेथील गर्दी वाढली. रस्त्यांची आखणी अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्दोष असूनही रोगाचे निदान अपुरे होते.

या पद्धतीवर महत्त्वाचा आक्षेप पॅट्रिक गेडिस यांनी घेतला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ होते. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू झाले, ते त्यांच्याच नेतृत्वाखाली. आराखड्यापूर्वी सर्वेक्षण झाले पाहिजे आणि वस्ती सरसकट न पाडता आवश्यक तेवढाच भाग काढावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. शहराकडे सजीव म्हणून पाहण्याची त्यांची दृष्टी ही जीवशास्त्राचीच देणगी म्हणावी लागेल.

एक प्रश्न, अनेक उत्तरे

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईची गर्दी हा सल्लागारांपुढील मुख्य प्रश्न बनला. १९४८ च्या बृहन्मुंबईच्या रूपरेषा आराखड्यावर दोन नावे आहेत. त्यांपैकी ना. वि. मोडक हे महानगरपालिकेचे अभियंता होते. वैतरणेवरील ‘मोडकसागर’ जलाशय त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अल्बर्ट मेयर हे अमेरिकन नियोजनकार असून त्यांचे प्रारंभीचे शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे होते. उपनगरांचा विस्तार आणि उपग्रह नगरे हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

पुढे प्रशासकीय सेवेतील स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९५९ मध्ये ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडील मुख्य भूमी विकासासाठी खुली करावी, असे सुचविले. विल्बर स्मिथ यांच्या अमेरिकन सल्लागार संस्थेने वाहतूक अभियांत्रिकीच्या दृष्टीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी केलेल्या अभ्यासात द्रुतगती मार्गांवर भर दिला. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने १९६६ मध्ये उद्योगांचे विकेंद्रीकरण आणि प्रादेशिक नियोजन यांचा आग्रह धरला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम त्याच वर्षीचा आहे.

गर्दी तीच असली तरी वाहतूक अभियंत्याने ती रस्त्यावर पाहिली आणि अर्थशास्त्रज्ञाने ती रोजगाराच्या वाटणीत पाहिली. यांपैकी कोणाचेही निरीक्षण चुकीचे म्हणता येणार नाही. मात्र ज्याची शिफारस प्रथम अमलात येते, त्याच्याच व्याख्येप्रमाणे शहराची रचना घडत जाते.

नवी मुंबई : दृष्टी आणि उणीव

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास खाडीपलीकडे नवे शहर उभारण्याची कल्पना मांडली. पहिले दोघे वास्तुविशारद होते, तर पटेल हे स्थापत्य अभियंता होते. केम्प्स कॉर्नर येथील उड्डाणपुलाचा आराखडा पटेल यांचाच होय. शासनाने ही कल्पना स्वीकारली आणि १९७० मध्ये सिडको स्थापन केली. खासगी व्यावसायिकांनी स्वयंप्रेरणेने दिलेला सल्ला एवढ्या मोठ्या प्रमाणावर मान्य झाल्याची अशी उदाहरणे विरळच आढळतात.

प्रकल्पाच्या क्षेत्रात ९५ गावे होती. तेथे भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर चालणारी एक पूर्ण अर्थव्यवस्था होती. हे जीवन जवळून जाणणाऱ्यांना मूळ सल्लागारांमध्ये स्थान नव्हते. जमिनीच्या मोबदल्यावरून असंतोष वाढला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. या धोरणामागील मागणी गावकऱ्यांच्या अनुभवातून पुढे आली होती. सल्लागारांच्या आराखड्यात तिला स्थान नव्हते.

२६ जुलै २००५ चा धडा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईत चारशेहून अधिक व्यक्तींना प्राण गमवावे लागले. शहरातील जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी, असा सल्ला १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात दिलेला होता. परंतु २००५ पर्यंत त्याची पुरेशी अंमलबजावणी झाली नव्हती. सल्लागाराची पात्रता कितीही उत्तम असली, तरी सल्ला स्वीकारणाऱ्या यंत्रणेची इच्छाशक्ती नसेल तर ती निष्फळ ठरते, ही मर्यादा येथे नोंदविणे आवश्यक आहे.

दुर्घटनेनंतर नेमलेल्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष डॉ. माधवराव चितळे होते. ते जलसंपदा क्षेत्रातील अभियंता असून त्यांनी केंद्रीय सचिवपद भूषविले होते आणि १९९३ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला होता. २००६ मध्ये सादर झालेल्या अहवालात शहराचा विचार पाणलोट क्षेत्रांनुसार करण्यात आला. नगर अभियंत्याच्या दृष्टीने जो केवळ मोठा नाला होता, तो नदीखोऱ्यांचा अभ्यास केलेल्या अध्यक्षांच्या समितीने मिठी नदी म्हणून पाहिला. अध्यक्षांच्या पार्श्वभूमीमुळे अहवालाची चौकटच बदलू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

सल्लागार संस्थांचा काळ

डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सल्लागार संस्थांकडे गेले. व्यक्तीच्या जागी संस्था आल्यामुळे अहवाल नेमका कोणी लिहिला आणि त्याचे शिक्षण व अनुभव काय, हे नागरिकांना सहज कळेनासे झाले. मुंबईच्या २०१४-३४ च्या विकास आराखड्याचे प्रारूप २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर त्यातील नोंदींविषयी तीव्र आक्षेप आले. एप्रिल २०१५ मध्ये शासनाने त्याच्या फेरतपासणीचा आदेश दिला. त्या चुका रहिवाशांच्या सहज लक्षात आल्या होत्या, कारण आपल्या गल्लीतील शाळा, मंदिर अथवा मैदान कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते.

कायद्याने अन्य ज्ञानाला वाव दिलेला आहे. विकास आराखड्यावरील हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत नगररचना वा पर्यावरणाचे विशेष ज्ञान असणाऱ्या चारपर्यंत व्यक्ती नेमता येतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार महानगर नियोजन समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य निर्वाचित असावे लागतात. सल्ला व लोकप्रतिनिधित्व यांचा मेळ घालण्याचा हेतू या तरतुदींत स्पष्ट दिसतो.

समारोप

मुंबईच्या अनुभवावरून असे दिसते की, तज्ज्ञांची पार्श्वभूमी हा केवळ परिचयपत्रातील तपशील नसतो. तिच्यावरून प्रश्नाची व्याख्या ठरते आणि कोणाचे नुकसान हिशेबात धरले जाईल हेही ठरते. म्हणून प्रत्येक सल्लागार समितीच्या बाबतीत तीन गोष्टी जाहीर होणे उचित ठरेल. सदस्यांचे शिक्षण व पूर्वीची सेवा, सुचविलेल्या कामाच्या कंत्राटाशी त्यांचा असलेला अथवा नसलेला संबंध आणि समितीत प्रतिनिधित्व न मिळालेल्या विद्याशाखा, या त्या तीन गोष्टी होत. स्थापत्य अभियंत्यांसोबत भूगोल, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या अभ्यासकांना आरंभापासून स्थान मिळाले पाहिजे. हे विषय शिकविणारी महाविद्यालये प्रत्येक शहरात आहेत. आपल्या परिसरातील नाले, वस्त्या व रोजगार यांची विश्वसनीय माहिती त्यांनी सातत्याने संकलित केली, तर उद्याच्या समितीला शहर समजून घेण्यासाठी पुढील पुराची वाट पाहावी लागणार नाही.