सोनोग्राफीतली शेवटची ओळ

आईच्या मधुमेहाच्या फायलीत सोनोग्राफीचा सगळ्यात जुना कागद २००९ सालचा आहे. पोटात दुखत होतं म्हणून केलेली. पित्ताशयात खडे नाहीत, मूत्रपिंडं ठीक आणि अगदी शेवटी एक ओळ : 'ग्रेड वन फॅटी लिव्हर'. "हे हल्ली सगळ्यांनाच असतं," डॉक्टर म्हणाले आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढची तेरा वर्षं तिची साखर आम्ही डोळ्यांत तेल घालून सांभाळली. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, वर्षाला डोळ्यांची तपासणी, पायांची काळजी. यकृताचं नाव कुणी काढलं नाही. तेही दुखलं नाही.

मुळात हा आजार ओळखला गेला तोच उशिरा. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे युर्गन लुडविग यांनी वीस रुग्णांच्या यकृताच्या बायॉप्सी तपासल्या. यांना दारूचं व्यसन नव्हतं, तरी आत चरबी, सूज आणि व्रण होते, अगदी मद्यपीच्या यकृतात दिसावेत तसे. बरेचजण स्थूल होते, काहींना मधुमेह होता. मधुमेहात इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, चरबी यकृताकडे वळते आणि चरबीने भरलेलं यकृत रक्तात आणखी साखर सोडतं. दोन्ही आजार असे एकमेकांना पोसतात.

"पण आई तर बारीकच आहे," असं आम्ही म्हणायचो. त्याचं उत्तर पुण्यातूनच आलं होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे काटा खरं सांगेलच असं नाही.

२००६ साली साध्या रक्ततपासणीवरून यकृतातल्या व्रणाचा अंदाज बांधणारं 'फिब-फोर' हे सूत्र आलं. वय गुणिले एसजीओटी (हे आणि एसजीपीटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स). त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. २०२२ साली नव्या डॉक्टरीणबाईंनी आईच्या जुन्याच रिपोर्टवर पेनाने गणित मांडलं. वय ६४, एसजीओटी ४५, एसजीपीटी ३६, प्लेटलेट एक लाख साठ हजार. एसजीओटी जरासं वर. बाकी कशाखाली लाल रेघ नव्हती. उत्तर आलं ३. हा आकडा १.३च्या खाली असला तर सहसा काळजी नसते (पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात), २.६७च्या वर गेला तर व्रण बराच वाढल्याची शंका घ्यायची. यकृताचा ताठरपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनने शंका खरी ठरवली.

त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी २०२१मध्ये, केंद्र सरकारने हा आजार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला होता. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी नावातून 'फॅटी' काढलं आणि चयापचयाशी नातं जोडलं. २०२४ साली अमेरिकेत खास या आजारासाठीचं पहिलं औषध, रेस्मेटिरोम, मंजूर झालं. २०२५ साली सेमाग्लुटाइडलाही या आजारासाठी मान्यता मिळाली. तरी पाया तोच राहिला. २०१५च्या क्यूबातल्या अभ्यासात वजन दहा टक्के उतरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे व्रणसुद्धा मागे हटले होते.

आईने दीड वर्षात साठ किलोंवरून चोपन्नवर वजन आणलं. सरबतं बंद, रात्रीचा भात निम्मा, जेवणानंतर चालणं. मधुमेहाच्या गोळ्याही डॉक्टरांनी यकृताचा विचार करून बदलल्या. पुढच्या फायब्रोस्कॅनचा आकडा उतरला.

यंदा धाकट्या भावाला साखर निघाली. त्याच्या सोनोग्राफीतही तीच शेवटची ओळ होती. त्याच संध्याकाळी आईनेच कागद-पेन मागून घेतलं आणि चष्मा लावून भागाकार केला. उत्तर आलं ०.८. "वर्षाने पुन्हा करायचं," असं म्हणून तिने तो कागद त्याच्या कोऱ्या फायलीत सगळ्यात वर लावला.