तेच औषध, वेगळी गोळी

औषधांच्या दुकानात हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेले असते : “ती कंपनी आज नाही, पण औषध तेच आहे.” दुकानदार पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे दाखवतो. औषधाचे नाव तेच, मिलिग्रॅम तेवढेच. आपण पैसे देऊन घरी येतो. ‘औषध तेच आहे’ हे विधान बहुतेक वेळा खरे असते. पण ते नेमके कशाच्या जोरावर खरे ठरते, आणि कधी खोटे ठरू शकते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

१९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात डॉक्टरांसमोर एक कोडे उभे राहिले. फिट्स येऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षे फेनिटॉइन घेणारे रुग्ण अचानक तक्रारी घेऊन येऊ लागले. चालताना तोल जातो, बोलताना जीभ जड होते, गरगरते. ही सगळी फेनिटॉइन अंगात जास्त झाल्याची लक्षणे होती. रक्त तपासले, तर औषधाचे प्रमाण खरोखरच वाढलेले. पण मात्रा कोणीच वाढवली नव्हती. कॅप्सूल तीच होती, तिच्यातले फेनिटॉइनही तेवढेच होते. शोध घेतल्यावर कळले, की कॅप्सूल भरण्यासाठी वापरायची निरुपद्रवी भुकटी तेवढी बदलली होती. पूर्वी ती कॅल्शियम सल्फेट होती, आता लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर.

कॅल्शियम सल्फेटमुळे फेनिटॉइनचा काही भाग शोषलाच जात नव्हता आणि डॉक्टरांनी मात्रा ठरवली होती ती त्या अपुऱ्या शोषणाच्या हिशेबाने. लॅक्टोज आले, अडसर दूर झाला आणि तीच मात्रा जास्त ठरली. त्यात फेनिटॉइनचा स्वभाव असा, की एका मर्यादेनंतर यकृताची ते निकामी करण्याची ताकद संपते. मग थोडेसे जास्त शोषले गेले तरी रक्तातले प्रमाण भराभर चढते. पाकिटावरचा आकडा गोळीत काय आहे ते सांगतो. रक्तात काय पोचेल ते सांगत नाही, हा धडा त्या घटनेने दिला. १९७१ साली अमेरिकेत हृदयविकारावरच्या डिगॉक्सिनच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या तपासल्या, तेव्हाही रक्तातल्या पातळीत कितीतरी पटींचा फरक आढळला.

गिळलेल्या गोळीला रक्तात पोचण्यासाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली, विरघळण्याची. घन कण आतड्याच्या अस्तरातून जात नाही. औषधाचा रेणू आधी पाण्यात सुटा व्हावा लागतो. दुसरी, अस्तर ओलांडण्याची. गंमत अशी, की या दोन परीक्षांचे गुण बहुधा एकमेकांच्या विरोधात जातात. पेशीचे आवरण स्निग्ध असते. पाण्याशी ज्याचे चांगले जमते त्याला ते सहसा आत घेत नाही आणि तेलाशी ज्याचे जमते ते पाण्यात विरघळत नाही. शिवाय वेळ मर्यादित. लहान आतड्यातला प्रवास साधारण तीन-चार तासांत उरकतो. तोवर जे शोषले गेले नाही, त्यातले बरेचसे वाया जाते.

पहिल्या परीक्षेचे गणित जुने आहे. १८९७ साली नॉयस आणि व्हिटनी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी घन पदार्थ किती वेगाने विरघळतो याचा नियम मांडला. पुढे त्यात कणाच्या पृष्ठभागाचाही हिशेब आला. खडीसाखरेचा खडा आणि पिठीसाखर यांतला फरक प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे, औषधाचेही तसेच. गजकर्णावरचे ग्रिसिओफुल्विन हे पाण्यात जवळजवळ न विरघळणारे औषध. त्याचे कण अतिसूक्ष्म दळल्यावर निम्मी मात्रा पुरेशी ठरली. ते स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायला सांगतात त्याचे कारणही हेच : चरबीमुळे स्रवणारे पित्त त्याला विरघळायला मदत करते.

प्रयोगशाळेत ही परीक्षा घेण्याची रीत साधी आहे. काचेच्या भांड्यात बहुधा ९०० मिलिलिटर द्रव, तापमान शरीराइतके म्हणजे ३७ अंश, मिनिटाला ठरावीक फेरे घेणारे वल्ह्यासारखे पाते. त्यात गोळी सोडायची, ठरलेल्या वेळी नमुने काढायचे आणि किती औषध द्रवात उतरले ते मोजायचे. जठरातली आम्लता आणि आतड्यातली जवळजवळ उदासीन स्थिती, दोन्ही वेगवेगळ्या द्रवांनी उभ्या करता येतात.

दुसरी परीक्षा अवघड, कारण तिला आतडे लागते. त्यावरचा उपाय विलक्षण आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या एका रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या पेशी १९७०च्या दशकापासून प्रयोगशाळांत वाढवल्या जात आहेत. त्यांना ‘काको-टू’ म्हणतात. सच्छिद्र पडद्यावर त्या पसरून सुमारे २१ दिवस जोपासल्या, की त्यांचा एकपदरी, घट्ट सांध्यांचा थर तयार होतो आणि मोठ्या आतड्यातून आलेल्या या पेशी लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागू लागतात. थराच्या वर औषध घालायचे आणि खाली किती उतरले ते मोजायचे. थर उलट्या दिशेनेही तपासतात, कारण काही पेशीप्रथिने आत आलेले औषध दारातूनच परत ढकलतात. ही हकालपट्टी कितपत होते ते दोन दिशांच्या तुलनेतून कळते.

१९९५ साली मिशिगन विद्यापीठातले गॉर्डन अ‍ॅमिडन, स्वीडनचे हान्स लेनरनास, विनोद शहा आणि जॉन क्रिसन यांनी या दोन परीक्षा एका चौकटीत बसवल्या. त्यामागे माणसांवरची मोजमापेही होती. नळीला जोडलेल्या दोन फुग्यांनी स्वयंसेवकाच्या आतड्याचा छोटा भाग अलग करून, त्यातून औषध किती वेगाने नाहीसे होते हे पाहिले गेले होते. त्यांनी औषधांचे चार वर्ग केले. पहिल्या वर्गातली औषधे विरघळतात आणि अस्तरही ओलांडतात. रक्तदाबावरचे मेटोप्रोलॉल त्यातले. दुसऱ्यातली ओलांडतात, पण विरघळत नाहीत. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, आयबुप्रोफेन ही त्यातली. तिसऱ्यातली विरघळतात, पण ओलांडताना अडखळतात : मधुमेहींच्या घरोघरी असलेले मेटफॉर्मिन हे त्याचे उदाहरण. चौथ्या वर्गातली दोन्हींत कच्ची.

‘विरघळते’ याची कसोटीही ठरलेली आहे. औषधाची सर्वांत मोठी मात्रा २५० मिलिलिटर पाण्यात, जठरापासून आतड्यापर्यंतच्या सर्व आम्लतांत, पूर्ण विरघळली पाहिजे. २५० का? चाचणीतल्या स्वयंसेवकाला गोळीबरोबर एक पेलाभर पाणी देतात, म्हणून. मेटफॉर्मिनची गोळी त्या पेल्यात सहज विरघळते. कार्बामाझेपिनच्या २०० मिलिग्रॅमना तसे तीन पेले तरी लागतील.

या वर्गवारीचा व्यवहारात मोठा उपयोग झाला. एरवी नवी जेनेरिक गोळी मूळ गोळीसारखीच आहे हे दाखवायला निरोगी माणसांना ती देऊन त्यांचे रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते. पहिल्या वर्गातल्या औषधासाठी, काही अटी पाळून, काचेच्या भांड्यातली चाचणी पुरेशी मानता येते. तिसऱ्या वर्गात त्यासाठी भुकट्याही जवळपास त्याच असाव्या लागतात. दुसऱ्या आणि चौथ्या वर्गात मात्र कणांचा आकार, भुकटी, दाबण्याची पद्धत अशा कोणत्याही बदलाने ब्रिस्बेन पुन्हा घडू शकते.

भारताने ही गोष्ट नियमात आणली ती एप्रिल २०१७ मध्ये. दुसऱ्या व चौथ्या वर्गातल्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांचा परवाना मागणाऱ्याला आता माणसांवरच्या तुलनेचा पुरावा द्यावा लागतो. त्याआधी, औषध बाजारात येऊन चार वर्षे झाली की असा पुरावा न देताही राज्याकडून परवाना मिळू शकत असे. हा नियम परवाना मागायला येणाऱ्यांसाठी आहे. दुकानाच्या फळीवरची प्रत्येक जुनी गोळी या परीक्षेतून गेली आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही.

भाकिताच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. प्रोप्रॅनोलॉल हे पहिल्या वर्गातले औषध जवळजवळ पूर्ण शोषले जाते, पण त्याचा मोठा हिस्सा यकृत पहिल्याच फेरीत निकामी करते. १९९८ साली एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिरने तर सर्वांनाच चकवले. त्याच रेणूचे एक नवे स्फटिकरूप अचानक प्रकट झाले. ते इतके कमी विरघळणारे होते, की बाजारातली कॅप्सूल मागे घ्यावी लागली.

स्वस्त औषधाला नाके मुरडावीत असा याचा अर्थ नाही. महागड्या पाकिटालाही विरघळण्याचे नियम चुकत नाहीत आणि जेनेरिक औषधांमुळेच आपल्याकडे असंख्य घरांत उपचार परवडतात. अर्थ एवढाच, की ‘औषध तेच आहे’ हे तपासून सिद्ध करायचे विधान आहे आणि तो पुरावा मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. फिट्सच्या औषधासारख्या, मात्रेत जरा फरक पडला तरी अंगावर येणाऱ्या गोळीची कंपनी बदलली, तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. बाकी गोळी घेताना पेलाभर पाणी पूर्ण प्यावे. सारे गणित त्या पेल्याच्या हिशेबानेच तर मांडले आहे.