शिपरॉक: कडा नको, भिंत बघा

वाळवंटातल्या एका कड्याचा फोटो पाठवून एका वाचकाने विचारले आहे, ‘याच्यापासून निघालेली ही लांबच लांब भिंत कोणी बांधली?’ फोटो शिपरॉकचा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यात, नवाहो या मूळनिवासी लोकांच्या राष्ट्राच्या भूमीवर हा कडा सपाट माळातून सुमारे ४८० मीटर वर उठतो. भिंत कोणीच बांधलेली नाही. पण सगळे कड्याकडे बघत असताना भिंतीकडे लक्ष जाणे, हेच मला फार आवडले.

शिपरॉकला सर्रास ज्वालामुखी म्हणतात. खरे तर ते ज्वालामुखीचे नुसते नरडे आहे. सुमारे २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी ते भूपृष्ठाखाली पाऊण ते एक किलोमीटर खोल होते. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि ते उघडे पडले. भिंती म्हणजे भेगांत शिरून थिजलेला शिलारस, म्हणजेच डाइक. धुळे-नंदुरबारच्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. तिकडे असे दोनशेहून जास्त डाइक आहेत, त्यातला एक तर ७९ किलोमीटरचा!

कोडे वेगळेच आहे. शिलारस येतो लांबलचक भेगेतून, मग उद्रेक दोन-चार तोंडांपुरताच का उरतो? पॉल डेलनी आणि डेव्हिड पोलार्ड या भूवैज्ञानिकांनी शिपरॉकची ईशान्येकडची भिंत बारकाईने मोजली. लांबी २.९ किलोमीटर, सरासरी जाडी अवघी २.३ मीटर, आणि एकसंध वाटणारी ती भिंत निघाली ३५ तुकड्यांची. कोड्याचे उत्तर समजायला थंडीतली खोबरेल तेलाची बाटली आठवा. तेल आधी काचेलगत गोठते. चिंचोळी मान लवकर बुजते, पोटात मात्र पातळ तेल बराच वेळ हलत राहते. भेगेतही अरुंद जागा आधी बुजतात. रुंद जागी ताजा, गरम रस वाहत राहतो, कडेचे खडक फोडून वाट आणखी रुंद करतो, आणि भेगेचे नरडे होते. हवाई बेटांवर भेगेभर उसळणारा लाव्ह्याचा पडदा आक्रसत मोजक्या तोंडांवर येतो, त्यामागेही हेच कारण.

१९३९ साली शिपरॉकवर झालेल्या पहिल्या चढाईची गोष्ट हौसेने सांगितली जाते. या मोजणीचे नाव क्वचितच निघते. माझ्या मते मोठा पराक्रम मोजणीचाच.

तिकडे जाणार असाल तर एवढे पाळा: नवाहोंसाठी हे स्थळ पवित्र आहे आणि चढाईला १९७० पासून बंदी आहे. कडा आणि भिंत, दोन्ही दुरूनच पाहा, आणि दगडाचा तुकडाही उचलू नका.