औसा : कोट, नाथ आणि किल्लारी

किल्ला : बहमनी काळातला भुईकोट. दुहेरी तटबंदी, भोवती खंदक. जलमहालाचं छत म्हणजे वरच्या हौदाचा तळ; डोक्यावर पाणी, म्हणून खाली ऐन उन्हाळ्यातही गारवा.

नाव : मलिक अंबरच्या काळात ‘अंबरपूर’, लोकांच्या तोंडी टिकलं मात्र औसाच.

सत्ता : १६३६मध्ये किल्ला मोगलांकडे, पुढे निजामाकडे. मुक्ती १७ सप्टेंबर १९४८.

नाथ संस्थान : वीरनाथ-मल्लिनाथ महाराजांची परंपरा. औसेकरांचं चक्री भजन पंढरपुरातही रंगतं. गाता गाता पावलं गोल फिरतात.

जिल्हा : आधी उस्मानाबाद; ऑगस्ट १९८२पासून लातूर.

जखम : ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपानं उद्ध्वस्त झालेली किल्लारी याच तालुक्यातली. ती पहाट औसेकर विसरलेले नाहीत.