जखमी कोंबडीची निगा आणि तिचे नवे घर



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, पाणी आणि तोडणी यांविषयी बोलतो. या खेपेस विषय कोंबडीचा आहे. उसाच्या नोंदीसाठी चाकण, महाळुंगे, मोई, चिखली या बाजूला फिरताना माताभगिनी हा प्रश्न हटकून विचारतात. फड तुटला की आतली मुंगसे व भटकी कुत्री वस्तीकडे वळतात. रस्त्याला कंटेनरची वर्दळ वेगळीच. बाजारासाठी पाळलेल्या कोंबडीचा हिशेब निराळा. पण नातवंडांनी नाव ठेवलेली, हाक मारली की धावत येणारी कोंबडी घरचीच होऊन बसते. तिला वाचवायचे कसे, ते क्रमाने पाहू.

पहिला तास

मागे धावून पकडू नका. अंगावर जुने धोतर टाका, पंख अंगाशी धरून अलगद उचला आणि अंधाऱ्या, शांत जागी खोक्यात किंवा डालग्याखाली ठेवा. बाकीच्या कोंबड्यांपासून तिला लगेच वेगळी करा. रक्त दिसले की त्या तिथेच टोचतात आणि पुष्कळदा कुत्र्यापेक्षा जास्त इजा करतात.

कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या पुढे असते. धक्का बसला की ती गार पडते, म्हणून ऊब द्या. हल्लीच्या एलईडी दिव्याला ऊब नसते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा. खाली जुने सुती कापड घाला. गोणपाटाचे दोरे नखांत गुंततात आणि बगॅसची धूळ छातीत जाते.

जखम

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके पाच मिनिटे दाबून धरा, सारखे उचलून पाहू नका. मग एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून जखम धुवा. भोवतालची पिसे उपटू नका, कात्रीने कापा. नंतर आयोडीनचे औषध फिक्क्या चहाच्या रंगाचे करून लावा. रॉकेल, फिनेल, तंबाखू, बॅटरीचे पाणी यांपैकी काहीही लावू नये. माशी बसू देऊ नका. एका दिवसात अळ्या पडतात. पाठीची कातडी मोठी फाटलेली दिसली तरी धीर सोडू नका, पक्ष्याची कातडी चांगली भरून येते. मात्र पोटात दात घुसला असेल किंवा आतडे दिसत असेल तर घरगुती उपाय नकोत, थेट पशुवैद्यकाकडे न्या.

मोडलेला पंख नैसर्गिक घडीत अंगाशी बांधावा, पण छाती आवळू नये. आपल्याप्रमाणे कोंबडीला श्वासपटल नसते. छातीचे हाड हलले तरच तिला श्वास घेता येतो. पट्टीखाली एक बोट सहज गेले पाहिजे. हाड सांधायला साधारण तीन आठवडे लागतात. हाड कातडीबाहेर आले असेल तर त्यात पाणी ओतू नका. पंखाचे वरचे हाड पोकळ असून श्वासमार्गाला जोडलेले असते.

पाणी, खाणे, औषध

चोच उघडून पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते, पाणी सरळ छातीत जाते. गूळ व चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्याचा थेंब चोचीच्या टोकाला लावा, ती स्वतः चाटेल. सावरल्यावर भिजवलेली कणी, उकडलेले अंडे द्या.

घरातली माणसांची गोळी देऊ नका. डायक्लोफिनॅक पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी करते. त्याने गिधाडे मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. प्रतिजैविकांचेही तसेच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाल्यापासून पेनिसिलिन हे नाव आपल्या भागात घरोघरी माहीत झाले, पण कोणते औषध किती द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे. औषध चालू असताना, आणि नंतर ते सांगतील तितके दिवस, तिची अंडी कोणी खाऊ नयेत. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ या मोफत क्रमांकावर विचारा.

तीन-चार दिवसांत ती खाईना, उभी राहीना, तुरा काळवंडला, तर तिचे हाल लांबवू नयेत. डॉक्टरांकडून शांतपणे शेवट करून घेणे यातही दयाच आहे.

नवे घर

आपल्या पट्ट्यातली खरी अडचण पुढेच आहे. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, बिऱ्हाड मोशीला तिसऱ्या मजल्यावर गेले. कोंबडीने जायचे कुठे? एका सभासदाच्या घरी हेच झाले. पाठ फाटलेली कोंबडी आईने महिनाभर गॅलरीत सांभाळून बरी केली. मुलगा म्हणाला, बाजारात देऊन टाकू. आईने ऐकले नाही. तिने स्वतः मावळात धाकट्या बहिणीचे घर निवडले आणि कोंबडी पोचवायलाही स्वतःच गेली. जिने निगा केली तिचाच शब्द शेवटचा असावा.

घर निवडताना बंद होणारे खुराडे, थोड्या व शांत कोंबड्या आणि रात्री मोजून आत घेणारे माणूस, एवढे पाहावे. लंगडीला बसण्याची दांडी जमिनीलगत हवी. मानमोडीची लस, झालेली जखम, दिलेले औषध हे कागदावर लिहून द्या. नव्या घरी तीन आठवडे वेगळे ठेवावे, म्हणजे रोग इकडचा तिकडे जात नाही. नंतर आठवडाभर जाळीआडून ओळख करून द्यावी आणि एके रात्री दांडीवर बसवावे.

देवळापाशी किंवा माळावर सोडून देणे म्हणजे कुत्र्याच्या तोंडी देणे. जनावराचे हाल होतील असे ते सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

आपल्या गटात अशी कोंबडी सांभाळायला कोणी तयार असेल तर गट कार्यालयात चिटबॉयकडे नाव द्यावे. मळा राहिलेले आणि मळा गेलेले सभासद यांची गाठ आम्ही घालून देऊ.

— ऊस विकास अधिकारी