जुना पत्ता, बंद दार

बँकेचे पासबुक हरवले तर शाखेत जाऊन सही पटवता येते. संगणकीय खात्याचा कारभार निराळा आहे. तेथे बहुधा ई-मेलचा पत्ता हीच माणसाची ओळख. संकेतशब्द विसरला की नवा मिळण्याची वाट त्याच पत्त्यावरून जाते. आणि पूर्वीच्या नोकरीत मिळालेला तो पत्ता बंद झाला असेल, तर मालक हयात असूनही खाते बेवारस ठरते.

हे भय काल्पनिक नाही. वर्षभर न वापरलेले पत्ते दुसऱ्यांना देण्याची योजना याहूने २०१३ मध्ये आखली. दोन वर्षे निष्क्रिय असलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले. बंद पडलेला मोबाइल क्रमांकही ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणजे जुनी किल्ली नुसती हरवत नाही, ती परक्याच्या हातीही पडते. म्हणूनच कंपन्यांची कठोरता सर्वस्वी अनाठायी नाही. पुरावा सैल ठेवला तर चोराचे फावते.

परंतु मेख वेगळीच आहे. फुकट सेवेत ओळख तपासण्यासाठी माणूस नेमणे कंपनीला परवडत नाही. तो खर्च ग्राहकाच्या नुकसानीतून वसूल होतो. आपल्याकडील २०२१ च्या नियमांनी तक्रारीची पोच २४ तासांत व निकाल १५ दिवसांत बंधनकारक केला. मात्र ओळख पटवण्याची पर्यायी रीत त्यांनी घालून दिलेली नाही. ती कायद्याने ठरवावी. तोवर नोकरी सोडताना टेबलाच्या खणाबरोबर खात्यांवरील पत्ताही बदलणे, हेच शहाणपणाचे.