कंबर, खुबा आणि मांडी : हाडांची नावे व त्यांचे अध्यापन

शरीररचनेच्या पाठात कंबर, खुबा व मांडी ह्या शब्दांची गल्लत नेहमी होते. मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यानच्या वडनेर भोलजीसारख्या गावात म्हातारे माणूस घसरून पडले, की ‘कंबर मोडली’ असे म्हणतात. वास्तविक पुष्कळदा मोडते ती मांडीच्या हाडाची मान. नाव चुकले, की उपचारही भलत्याच जागी होतो. म्हणून ही नावे मुलांस नीट शिकविणे अगत्याचे आहे.

‘कंबर’ हे हाडाचे नाव नव्हे. तो शरीराचा भाग होय. तिच्या खाली, कुशीला हात लावताच ज्याची कड लागते, ते रुंद हाड म्हणजे श्रोणिफलक. बसताना ज्यावर भार पडतो, ते आसनास्थी. ओटीपोटाच्या खाली पुढील बाजूस असते, ते जघनास्थी. बालपणी ही तिन्ही हाडे कूर्चेने जोडलेली असतात. पुढे ती एकजीव होतात. ती जेथे मिळतात, तेथे बाहेरच्या अंगास एक खोल वाटी असते.

मांडीचे हाड, अर्थात ऊर्वस्थी, हे शरीरातील सर्वांत लांब व बळकट हाड होय. प्रौढ माणसाच्या उंचीच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकी त्याची लांबी असते. त्याच्या वरच्या टोकाचा गोळा वाटीत बसतो. हाच खुब्याचा उखळीचा सांधा. सुश्रुतसंहितेतही त्याची गणना ‘उलूखल’ प्रकारात केलेली आहे. गोळ्याखाली निमुळती मान व तिच्या बाहेरील बाजूस उंचवटा असतो. उभे राहून मांडीच्या वरच्या भागी बाहेरून तळहात ठेवावा व पाय आतबाहेर वळवावा. उंचवटा हलताना जाणवतो. हा प्रयोग प्रत्येक मुलाकडून करून घ्यावा.

शिक्षकांनी दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पडलेल्या माणसाचा पाय आखूड व बाहेर वळलेला दिसल्यास त्यास उभे करू नये, पाय ओढू वा चोळू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुसरी गोष्ट मुलांची. खुब्याचे दुखणे अनेकदा गुडघ्यात जाणवते. साधारण ४ ते ८ वर्षांच्या वयात गोळ्याचा रक्तपुरवठा कमी पडून पर्थेस नावाचा विकार होऊ शकतो. मूल लंगडत असेल व गुडघा दुखतो म्हणत असेल, तर तो कवायत चुकविण्याचा बहाणा समजू नये. पालकांस सांगून खुबाही तपासून घेण्यास सुचवावे.